तात्पुरती म्हणून आणलेली ब्रिटनची 'इंटरसिटी १२५' डिझेल गाडी इतकी वर्षे कशी टिकली?

वळणावर झुकणाऱ्या एपीटी गाडीचे काम रखडले, तेव्हा ब्रिटिश रेल्वेने परिचित तंत्रातूनच दोन्ही टोकांना २,२५० अश्वशक्तीचे एकेक इंजिन असलेली ही गाडी उभी केली आणि १९७६मध्ये ती लंडन–ब्रिस्टल मार्गावर ताशी २०० किलोमीटर वेगाने धावू लागली. माझ्या मते खरे श्रेय या विभागणीचे आहे, कारण वजन दोन हलक्या इंजिनांत वाटले गेल्याने जुन्याच रुळांवर हा वेग साधता आला. १९८७मध्ये तिने ताशी २३८ किलोमीटरचा डिझेल विक्रमही केला. दारे मात्र जुन्या वळणाचीच होती: उतरताना खिडकीची काच खाली सरकवून, हात बाहेर काढून दाराची बाहेरची मूठ फिरवावी लागे. पुढे बहुतेक इंजिनांत एमटीयू कंपनीची नवी यंत्रे बसवल्याने तिचे आयुष्य आणखी लांबले.