अल्बिनो आणि लॅव्हेंडर अल्बिनो बॉल पायथन अजगरांच्या जोडीला सगळी पिल्लं साध्या रंगाची कशी झाली?

दोघांत बिघडलेली जनुकं वेगळी आहेत. साध्या अल्बिनोत टीवायआर, लॅव्हेंडरमध्ये ओसीए२. दोन्ही दोष अप्रभावी, म्हणजे जनुकाची एक चांगली प्रत असली तरी दिसत नाहीत. प्रत्येक पिल्लाला दोन्हींची एकेक चांगली प्रत मिळते, मेलॅनिन (गडद रंगद्रव्य) नीट बनतं आणि पिल्लं काळ्या डोळ्यांची, गडद तपकिरी निघतात. ब्रीडरने फसवलं असं लगेच धरू नका.

पिल्लं दोन्हींसाठी हेट (प्रत्येक दोषाची एक न दिसणारी प्रत बाळगणारी) आहेत, तशीच नोंद ठेवा. मोठी झाल्यावर त्यांची आपसात जोडी लावलीत तर सरासरी १६ पैकी ९ साधी, ३ अल्बिनो, ३ लॅव्हेंडर आणि १ दोन्ही दोष असलेलं. सहा-सात अंड्यांत हा हिशेब क्वचितच जुळतो, आणि ते शेवटचं नुसत्या नजरेने ओळखणं अवघडच.

कँडी या फिक्या रंगप्रकाराचं वेगळं आहे. तो टीवायआरचाच दुसरा अलील (त्याच जनुकाचं वेगळं रूप), म्हणून अल्बिनो-कँडी जोडीची सगळी पिल्लं फिकीच होतात.