पहिल्या महायुद्धातील निकामी तोफगोळे संग्रहासाठी घ्यावेत का, आणि घेताना काय पाहावे?

घ्यावेत, पण शेतातून उचलून कधीही नाही. बेल्जियममधील ईप्र परिसरात आजही नांगराला तोफगोळे लागतात. शेतकरी ते बांधावर ठेवतात आणि पूलकापेलं येथील लष्करी पथक ते नेऊन नष्ट करते. गंज चढलेल्या गोळ्यात विषारी वायू आहे की साधी स्फोटक दारू, हे नुसते पाहून सांगता येत नाही. 2014 मध्ये ईप्र येथे बांधकामाच्या जागी झालेल्या अशाच एका गोळ्याच्या स्फोटात दोन कामगार दगावले.

नवख्याने ब्रिटिश 18 पौंडी तोफेच्या गोळ्यापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. श्रॅपनेल प्रकारच्या या गोळ्यात शिशाच्या सुमारे पावणेचारशे गोळ्या भरलेल्या असत आणि तो हवेत फुटला की पोलादी कवच बहुधा अखंड राहून खाली पडे, त्यामुळे रिकामी कवचे बाजारात मिळतात. बुडाजवळच्या तांब्याच्या कड्यावर तिरप्या खाचा दिसल्या, तर गोळा तोफेतून डागला गेला होता एवढेच सिद्ध होते. तो निकामी आहे, हे नव्हे. फ्यूज (गोळ्याच्या टोकाला असलेला, स्फोट घडवणारा भाग) काढलेला असावा, आतली पोकळी तळापर्यंत रिकामी दिसावी आणि विक्रेत्याने तसे लेखी द्यावे. गोळ्यामागच्या पितळी काडतुसाच्या बुडावरचा प्रायमर (आतली दारू पेटवणारा भाग) वापरलेला किंवा काढलेला आहे, याचीही खात्री करावी. चकचकीत पॉलिश मात्र टाळावे, कारण त्याने बुडावर ठोकलेले वर्ष आणि कारखान्याची खूण झिजते.

आणखी एक, लंडनला पॅरिस आणि ब्रसेल्सशी जोडणाऱ्या युरोस्टार रेल्वेत असे गोळे किंवा त्यांचे तुकडे, निकामी असले तरी, नेता येत नाहीत.