फॅमिकॉम घ्या, पण खोक्याचे पैसे मोजू नका

प्रश्न : मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या टोकियोत निशी-कसाईला राहतो. मार्चअखेर कायमचा परततोय. अकिहाबारात, म्हणजे इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, खोक्यासकट जुना फॅमिकॉम (निन्टेन्डोचा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम) आणि खेळांच्या दहा कॅसेट ७०,००० येनला मिळताहेत. दोन महिने म्युच्युअल फंडाची एसआयपी थांबवून घ्यावा म्हणतो. पुढे इथे भरलेल्या जपानी पेन्शनचे एकरकमी पैसे मिळतील, शिवाय ही गुंतवणूकही होईल. बायकोला पटत नाही. काय करू?

उत्तर : फॅमिकॉम जरूर घ्या. पण हा सेट नको, आणि एसआयपी थांबवून तर मुळीच नको.

‘गुंतवणूक’ हा शब्द आधी मनातून काढा. फॅमिकॉम १९८३ साली १४,८०० येनला बाजारात आला आणि पुढे वीस वर्षं बनत राहिला. तो काही दुर्मीळ नाही. ७०,००० येनमधला मोठा वाटा त्या खोक्याचा आहे, आणि खोका म्हणजे पुठ्ठा. कोल्हापूरच्या एका पावसाळ्यात त्याचे कोपरे मऊ पडतील, आतून बुरशीचा वास येईल. विकायला काढलात तर खोक्याचे पैसे मोजणारं गिऱ्हाईक बहुतेक जपानातच असणार आणि तुम्ही इथे.

पेन्शनच्या पैशांवरही आत्ता हिशेब मांडू नका. ते जपान सोडल्यावर अर्ज केला की मिळतात, तेही २०.४२ टक्के कर कापून. एकरकमी घेतलेत की तेवढी वर्षं भारत-जपान सामाजिक सुरक्षा करारात, म्हणजे दोन्ही देशांतली पेन्शनची वर्षं जोडणाऱ्या करारात, धरली जात नाहीत. तो निर्णय स्वतंत्र आणि फार मोठा आहे. त्यासाठी वेगळं बसू. परतल्यावर घराची अनामत, शाळेची फी, मधला बिनपगारी महिना हे सगळं दारात उभं असेल. एसआयपी तेव्हा चालू असलेली बरी.

खेळायलाच हवा असेल, आणि तुमच्या पत्रावरून तसंच वाटतं, तर १९९३ चं एव्ही मॉडेल, म्हणजे ऑडिओ-व्हिडिओ तारेने टीव्हीला जोडता येणारं, बिनखोक्याचं सुटं घ्या. जुन्या मॉडेलमधून फक्त अँटेनाचा सिग्नल निघतो, तोही जपानी चॅनेलवर. इथल्या टीव्हीवर चित्र आणताना जीव मेटाकुटीला येईल. दुकानातल्या चिठ्ठीवर ‘जंक’, म्हणजे चालेल याची हमी नसलेला, असं लिहिलं असेल तर हात लावू नका. ‘दोऊसा काकुनिन-झुमी’, म्हणजे चालवून पाहिलेला, हे शब्द शोधा आणि तरीही दुकानात लावून दाखवायला सांगा. अर्धवट खेळ सेव्ह करून ठेवणाऱ्या कॅसेटमधला सेल संपला असेल असंच धरून चाला. अडॅप्टर १०० व्होल्टचा आहे, आपल्या २३० वर थेट लावलात तर जळेल. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरचा खर्च आत्ताच धरा.

सगळं मिळून २५,००० येनची मर्यादा घाला, आणि ते पैसे तुमच्या स्वतःच्या मौजेच्या खर्चातून काढा. घरच्या पैशाला हात न लावता घेतलात तर बायकोचा विरोध बहुतेक मावळेल. येताना हातातल्या बॅगेतच आणा. नंतर मागवलात तर किंमत, टपाल, विमा या सगळ्यावर ड्युटी लागते, आणि वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर निर्बंध असल्यामुळे पार्सल अडकूही शकतं.

एक काम आजच करा. नव्वदीतल्या आपल्याकडच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट फॅमिकॉमसारख्याच ६० पिनांच्या होत्या, म्हणजे त्यात बसणाऱ्या. आईला फोन करून माळ्यावर बघायला सांगा. तिथे सापडतील त्या पुन्हा विकत घ्यायला नकोत.