मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये गटकामासाठी विकी वापरावे, गूगल डॉक्स वापरावे की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरेसा आहे?

तुम्ही कर्नाटकातल्या चिकोडी शैक्षणिक जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये शिकवता आणि नववीच्या मुलांकडून गटाने लेखन करून घेण्यासाठी या तीनपैकी काय निवडावे, असे विचारले आहे. मी खानापूर तालुक्यात मराठी आणि समाज विज्ञान शिकवतो. माझे मत असे की शाळेच्या लॅबमध्ये, गरज पडल्यास इंटरनेटशिवाय चालणारे, शाळेचे स्वतःचे छोटे विकी, म्हणजे वाचणाऱ्यांनाच पाने लिहिता आणि सुधारता येतात असे संकेतस्थळ, हे या कामाला सर्वांत योग्य आहे. गूगल डॉक्स एखाद्या तासापुरत्या कामाला चांगले आहे आणि व्हॉट्सअ‍ॅप सूचना देण्यापुरतेच ठेवावे, कारण तिथे वहीच्या पानांचे फोटो येतात, त्यावर शुभ सकाळचे संदेश येतात आणि दोन दिवसांनी कोणी काय लिहिले होते ते शोधूनही सापडत नाही.

विकीची बाजू मी घेतो ती मुख्यतः पानाच्या इतिहासामुळे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिले विकी सुरू केले, त्यामागची मूळ कल्पना एवढीच होती की वाचणाऱ्याला तेच पान तिथल्या तिथे दुरुस्त करता यावे. पुढे विकीपीडियाने आणि इतर विकींनी त्या कल्पनेला प्रत्येक बदलाच्या कायम नोंदीची जोड दिली, आणि शिक्षकाच्या दृष्टीने खरी मोलाची गोष्ट ती नोंदच आहे. गटाने तयार केलेला तक्ता किंवा प्रकल्पवही आपण तपासतो तेव्हा आपल्यासमोर फक्त शेवटचे रूप असते. त्यात सुंदर अक्षर असलेल्या मुलीने सगळे लिहिलेले असते आणि गुण मात्र गटातल्या सर्वांना सारखे मिळतात. विकीवर कोणता परिच्छेद कोणी घातला, कोणी तो वगळला आणि दुसऱ्या दिवशी कोणी तो सुधारून परत आणला, हे दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहता येते. आपल्याकडे एफए (वर्षभर चालणारे मूल्यमापन) आणि एसए (सत्राअखेरचे मूल्यमापन) अशी पद्धत आहे आणि एफएमध्ये उपक्रमाला गुण द्यायचे असतात, त्यामुळे ही नोंद समोर ठेवून गुण दिले तर पालकांनाही कारण दाखवता येते. मात्र किती अक्षरे वाढवली यावर गुण देऊ नयेत, कारण मजकूर चिकटवणाऱ्याची अक्षरे नेहमीच जास्त भरतात आणि एखादे चुकीचे साल शोधून काढणाऱ्याची चारच भरतात.

या नोंदीला एक मर्यादा आहे. कोणाच्या खात्यातून लिहिले गेले एवढेच तिला कळते. लॅबमध्ये एका संगणकावर दोघे-तिघे बसतात आणि घरी एकच मोबाइल भावंडांत फिरत असतो, म्हणून बदल जतन करताना त्याखालच्या सारांशाच्या चौकटीत त्या वेळी कोण कोण बसले होते ते लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

विषय जवळचा घ्यावा. मी हलशीचे उदाहरण देतो, कारण ते आमच्या तालुक्यात आहे आणि तिथे लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. कदंब राजघराण्याच्या ताम्रपटांत या गावाचा उल्लेख पलाशिका असा येतो आणि भूवराह नरसिंहाचे मंदिर गोव्याच्या कदंबांच्या काळाशी जोडले जाते. अशा पानावर कोणीतरी मूल ‘हे मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले’ असे लिहिणारच, कारण आपल्या भागात जुन्या मंदिरांबद्दल घरोघरी तेच सांगितले जाते. अशा वेळी शिक्षकाने ते वाक्य खोडू नये. पानाला जोडलेल्या चर्चा पानावर ‘हे कोणी सांगितले? कुठे लिहिलेले आहे?’ एवढेच विचारावे आणि उत्तर मुलांना शोधू द्यावे. बहुधा असे होते की वाक्य राहते, पण ‘गावात सांगितली जाणारी कथा’ या वेगळ्या विभागात जाते आणि इतिहासाच्या विभागात ताम्रपट आणि शिलालेख येतात. दंतकथा आणि पुरावा यांतला फरक मी फळ्यावर अनेकदा समजावतो, तरी तो मुलांच्या लक्षात राहतो तो असा स्वतः मजकूर हलवल्यावरच. तुमच्याकडे हेच काम दूधगंगा, वेदगंगा या नद्यांवर किंवा निपाणीच्या तंबाखू व्यापारावर करता येईल. सीमाप्रश्न हा पहिला विषय म्हणून घेऊ नका. त्यावर मुले मोठ्यांचेच भांडण पानावर आणतात आणि शिकायचे राहून जाते.

आता साधनाबद्दल. विकीपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो ती सक्षम आहे, पण तिला डेटाबेस लागतो आणि तिची निगा राखणारा माणूसही लागतो. शाळेसाठी डोकुविकी सोपे पडते. ते मोफत आहे, पाने साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवते आणि त्याला डेटाबेस लागत नाही, त्यामुळे संगणक विषयाच्या शिक्षकांनी लॅबमधल्या एका संगणकावर ते वेब सर्व्हरसह बसवले की बाकीचे संगणक लॅबच्याच नेटवर्कवरून ते उघडू शकतात, आणि शनिवारी सगळे फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले की बॅकअप झाला. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात नेटवर्क आणि वीज दोन्ही लहरीवर चालतात, तिथे हा मोठाच आधार आहे. शिवाय एकाने पान संपादनासाठी उघडले की डोकुविकी ते इतरांसाठी काही काळ बंद ठेवते, त्यामुळे एकाचे लेखन दुसऱ्याकडून पुसले जात नाही. फक्त याच कारणाने विषयाची लहान लहान पाने करावीत, नाहीतर सगळा गट एका पानासाठी ताटकळत बसतो.

गूगल डॉक्समध्ये हा खोळंबा होत नाही, एकमेकांची अक्षरे उमटताना दिसतात आणि मुलांना त्याची गंमतही वाटते. पण मुलांना खाती नसतील आणि नुसत्या लिंकवरून ती आत आली, तर आवृत्तींच्या इतिहासात त्यांची नावे येत नाहीत आणि आपला मुख्य फायदाच जातो. खाती काढायची तर पालकांची लेखी संमती घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे, म्हणून हा विषय एसडीएमसीच्या (शाळेच्या विकास आणि देखरेख समितीच्या) किंवा तुमच्या संस्थेच्या बैठकीत आधीच मांडलेला बरा.

टायपिंगचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी तो आडवा येईलच. ऑफिसातले जुने मराठी मजकूर बहुधा श्रीलिपी या आणि कन्नड मजकूर नुडी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात. जुन्या फाँटमधला तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना आणि मोबाइलना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलल्याशिवाय विकीवर नीट दिसत नाही. मुलांना सुरुवातीपासून युनिकोडच शिकवावे.

कन्नडच्या शिक्षकांना मात्र जरूर बरोबर घ्या. प्रत्येक मराठी पानाला कन्नडमधल्या दहा ओळींच्या सारांशाचे जोडपान केले, तर मुलांना कन्नड लिहिण्याचे खरे निमित्त मिळते. कर्नाटकातल्या शिक्षकांसाठी कन्नड आणि इंग्रजीत कर्नाटक मुक्त शैक्षणिक संसाधने हे विकी आहे आणि तेही मीडियाविकीवरच आहे. त्यातला एखादा धडा कन्नड शिक्षकांबरोबर बसून मराठीत आणणे हे शिक्षकांसाठीही चांगले सहकार्याचे काम आहे.

मराठी विकीपीडियावर मुलांना थेट नेण्याची घाई करू नये. तिथे प्रकाशित संदर्भ लागतो, म्हणून आजीने सांगितलेली यल्लम्माच्या जत्रेची आठवण तिथे टिकणार नाही. तिची जागा शाळेच्या विकीवर आहे. वर्षाअखेरीस ज्या पानांना पुस्तकांचे, गॅझेटियरचे संदर्भ मिळाले असतील, त्यांतला मजकूर मुलांनी आधी तिथल्या धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) लिहून पाहावा आणि मग लेखात न्यावा. एकच अडचण आधी सोडवून ठेवा: एका आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या ओळख क्रमांकावरून) दिवसाला साधारणपणे ६ खातीच उघडता येतात, आणि लॅबमधले सगळे संगणक बाहेरून एकाच पत्त्याचे दिसतात, त्यामुळे सातव्या मुलापाशी नोंदणी थांबते. मोठा वर्ग असेल तर खाती काही दिवस आधी टप्प्याटप्प्याने उघडा, किंवा तिथल्या प्रचालकांना (व्यवस्था पाहणाऱ्या सदस्यांना) कार्यशाळेची तारीख कळवून मर्यादा शिथिल करण्याची विनंती करा.