कागद, केटी आणि कोणाला विचारायचं?

बारावीनंतर पुढं काय, हे विचारणारी पत्रं या महिन्यात बरीच आली. त्यातल्या चौघांना इथं उत्तरं देतो. नावं मुद्दामच छापलेली नाहीत.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. मी रोजानं शेतावर जाते, मालक, म्हणजे मुलीचे वडील, मुंबईला माथाडीत आहेत. मुलीला इंजिनिअरिंग करायचंय. गावातले एकजण म्हणतात, पंचवीस हजार द्या, पुण्यात अ‍ॅडमिशन करून देतो, स्कॉलरशिपसुद्धा बसवतो. द्यावेत का? (एक आई, म्हसवड)

ताई, एक रुपयाही देऊ नका. सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, झाली की सरकारी प्रवेशाचे कॅप राउंड होतात. त्यात मार्क, आरक्षणाचा गट आणि तुम्ही भरलेला पसंतीक्रम, एवढंच चालतं. तिथं कोणाची ओळख लागत नाही. असे लोक बहुतेक वेळा मॅनेजमेंट कोट्यातली, म्हणजे कॉलेज स्वत: भरतं ती, जागा दाखवतात, आणि तिथंच घात होतो. फीची सवलत कॅपमधून आलेल्यांना असते. म्हणजे पंचवीस हजार जातातच, वर फीही पूर्ण बसते.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटातल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. तुमची जात तुम्ही लिहिलेली नाही. अनुसूचित जाती-जमातीची मुलगी असेल तर भारत सरकार शिष्यवृत्ती वेगळी आहे. फी माफ झाली तरी हॉस्टेल, मेस आणि एसटीचा पास राहतोच. तो हिशेब आजच वहीत मांडा.

आता कागदांचं. जूनमध्ये सेतूसमोर रांग लागते, त्याआधी कामाला लागा. उत्पन्नाचा दाखला एप्रिल उजाडला की काढा. राखीव गटात असाल तर जातीचा दाखला, ओबीसी-एसईबीसीला नॉन-क्रिमिलेअर, आणि सगळ्यात छळणारी ती व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र. तिचा अर्ज अकरावी-बारावीतच ज्युनिअर कॉलेजमार्फत जातो. गेला नसेल तर उद्याच ऑफिसात जाऊन विचारा. आजोबा-पणजोबांची जुनी नोंद लागते. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबांचं शाळेचं रजिस्टर बघा, तहसीलला गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद, मिळते का बघा. या कामासाठी मालकांना चार दिवस मुंबईहून बोलावून घ्या. भावकीतली जुनी नावं त्यांनाच ठाऊक असणार.

आणि मुलीचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, आधारवरचं नाव आणि मार्कलिस्टवरचं नाव अक्षरश: एक आहे ना, हे पाहून ठेवा. स्पेलिंगमधल्या एका अक्षरापायी वर्षभर अडकलेली शिष्यवृत्ती मी पाहिली आहे.

प्रश्न : मी जत तालुक्यातली. सांगलीत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय गेले. वर्गात सर काय म्हणतात ते अर्धंच कळतं. बाबा द्राक्षबागेत मजुरीला जातात, त्यांना सांगितलेलं नाही. परत जावं असं वाटतं.

परत जाऊ नकोस. दोन केटी लागलेली, म्हणजे दोन विषय राहिलेली, तू वर्गात एकटी नाहीस. फक्त बाकीचे बोलत नाहीत.

इंग्रजीची अडचण खरी आहे, पण ती तुला वाटते तशी नाही. अकरावी-बारावीला पुस्तक इंग्रजीत होतं, तरी शिकवणं मराठीतून चालायचं. आता सर इंग्रजीत बोलतात आणि फळ्यावर तीनच शब्द लिहितात. तर शब्दच पकड. प्रत्येक विषयात असे शंभरेक शब्द असतात. ते एका वहीत लिही आणि समोर तुझ्या मराठीत अर्थ लिही. गेल्या पाच वर्षांचे पेपर काढ. त्याच व्याख्या, तीच गणितं फिरून फिरून येताना दिसतील. यात लाज कसली?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि आपल्याकडची मुलं तीच करत नाहीत. सरांच्या केबिनला जायचं. आपल्याला केबिनला बोलावलं म्हणजे ओरडा, एवढंच माहीत असतं. ज्यांचे आईवडील शिकलेले आहेत ती मुलं मात्र बिनधास्त दार ढकलून आत जातात. तू जाताना ‘काहीच कळत नाही’ असं म्हणू नकोस. सोडवलेलं गणित घेऊन जा आणि ‘सर, इथपर्यंत आलंय, पुढं अडलंय’ म्हण. दहातले दोन सर वैतागतील. उरलेले आठ खुर्ची पुढं करतील.

बाबांना मात्र या शनिवारी स्वत: सांग. दुसऱ्याकडून कळलं तर ‘पोरगी खोटं बोलली’ हेच त्यांच्या मनात राहील. केटी म्हणजे वर्ष गेलं असं नाही, ते दोन पेपर पुन्हा द्यायचे, हे समजावून दे. छाटणीला एक काडी चुकली म्हणून कोणी बाग तोडत नाही, हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. सोमवारी कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात जाऊन विचार, दुसऱ्या वर्षाला जायला किती विषय सुटलेले लागतात. पुढचा प्रवेश अडला की शिष्यवृत्तीचं नूतनीकरणही अडतं.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो. आम्ही पाच मित्र गरीब घरातल्या मुलांसाठी काही करू इच्छितो. दरमहा मार्गदर्शनपर व्याख्यान ठेवावं असा विचार आहे. आपलं मत? (कराड)

साहेब, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. व्याख्यान ठेवू नका. हॉल भरतो, टाळ्या पडतात, पण फॉर्मची तारीख निघून गेलेली असते.

तुमच्या कराडजवळच्या काल्यातच १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग आलं. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, हातानं काम करायची, एका पंगतीत जेवायची. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. भाऊरावअण्णांनी भाषणं केली नाहीत असं नाही, पण पोरं टिकली ती संध्याकाळी वाट बघणारं कोणीतरी होतं म्हणून.

तर पाच जणांनी तीन-तीन मुलं घ्या, जास्त नकोत. बारावीच्या सुरुवातीपासून इंजिनिअरिंग, नर्सिंग, बीकॉम, जे असेल त्याच्या दुसऱ्या वर्षापर्यंत तीच मुलं. दर रविवारी एक फोन. ‘कसं चाललंय’ विचारलं तर ‘चांगलं’ एवढंच ऐकू येईल. त्यापेक्षा ‘या आठवड्यात जेवलास कुठं, प्रॅक्टिकल किती झाली’ असं विचारा. पहिल्या सत्रात, विशेषत: दिवाळीच्या सुट्टीला घरी गेल्यावर, मुलं परत यायला कचरतात. त्या सुट्टीत फोन चुकवू नका.

तुमच्याकडे जे आहे ते दुसऱ्या कोणाकडे नाही : तुम्हाला कर्ज कळतं. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षण चालू असतानाचं व्याज केंद्राच्या योजनेतून भरलं जातं, हे शेतमजुराला कोण सांगणार? बँकेत तुम्ही नुसते त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसलात तरी शाखेतल्या बोलण्याचा सूर बदलतो.

रोख पैसे स्वत: देऊ नका, नातं बिघडतं. चेक देतानाचा फोटो ग्रुपवर टाकू नका. मुलींना भेटायचं तर शाळेत किंवा वाचनालयात, पालकांना सांगून. आणि मुलाची शाखा तुम्ही ठरवू नका. मी ते एकदा केलं आहे. एका हुशार मुलाला डिप्लोमा करायचा होता, मी हट्टानं बारावी सायन्सला घातलं. दोन वर्षं त्याची गेली, मग तो पॉलिटेक्निकलाच गेला आणि तिथून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला लागला. त्याचं ऐकलं असतं तर ती दोन वर्षं वाचली असती. तो आजही मला दिवाळीला फोन करतो. त्या दोन वर्षांबद्दल कधी बोलत नाही.

प्रश्न : बारावी कॉमर्स झालो. कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे, घरचं भागवायला सोडता येत नाही. डिग्री राहिलीच का? (वय २०)

नाही राहिली. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून तुझ्यासारख्यांसाठीच आहे. बीकॉम कर. सांगली-मिरजेतल्या अभ्यासकेंद्रावर स्वत: जाऊन फी आणि तारखा विचार, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. तिथली सत्रं साधारण सुट्टीच्या दिवशी असतात. तुझी साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, ते तू लिहिलेलं नाहीस. रविवार नसेल तर आधी सुपरवायझरशी बोलून घे, फॉर्म नंतर भर.