सिम कार्डचा मेश राउटर घ्यावा का?

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमचे जांभ्या चिऱ्याचे जुने घर आहे. गावात फायबर अजून आलेले नाही. मोबाइलची रेंज माळ्यावरच्या खिडकीत चांगली, ओटीवर जेमतेम आणि माजघरात मुळीच मिळत नाही. मुलगा घरून काम करणार आहे. सिम कार्ड घालता येणारा मेश वाय-फाय राउटर घेतल्यास घरभर इंटरनेट मिळेल का?
— एक वाचक

उत्तर : मिळेल, मात्र मेश यंत्रणा (घरात ठिकठिकाणी ठेवलेली, एकमेकांशी जोडलेली वाय-फाय युनिटे) केवळ आलेले इंटरनेट घरभर पसरवते, ते टॉवरवरून आणण्याचे काम सिम असलेल्या एकाच युनिटचे असते. म्हणून ते युनिट टीव्हीशेजारच्या सोयीच्या प्लगजवळ न ठेवता माळ्यावरच्या खिडकीशीच ठेवावे लागेल आणि त्यासाठी तिथे विजेचा पॉइंट आधी करून घ्यावा.

खरेदीपूर्वी त्या खिडकीत फोन ठेवून त्याच्या सेटिंग्जमधील सिम स्टेटसमध्ये सिग्नलचा आकडा पाहावा. हा आकडा डीबीएम या एककात असतो आणि तो शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. 4जीवर तो उणे 90 डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम. उणे 110 च्या पलीकडे जात असेल, तर मुलाच्या व्हिडिओ मीटिंग वारंवार अडखळतील. संध्याकाळी टॉवरवर गर्दी वाढते, त्यामुळे त्या वेळचा वेगही तपासावा. माळ्यावरही आकडा वाईटच येत असेल, तर सिमचा मेश संच घेऊ नये. छपराखाली बाहेरच्या बाजूस बसवता येणारा सिम राउटर आणि आत बिनासिमचा साधा मेश संच, अशी जोडणी अधिक भरवशाची ठरेल.

राउटर कोणते बँड (मोबाइल सेवेचे फ्रिक्वेन्सी पट्टे) पकडतो, हे खोक्यावरील जाहिरातीपेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे. उदाहरणार्थ, जिओची 4जी सेवा 3, 5 आणि 40 या बँडवर चालते, तर तिच्या 5जीसाठी एन78 व एन28 यांच्यासह स्टँडअलोन (4जीच्या आधाराशिवाय चालणाऱ्या) पद्धतीची सोय राउटरमध्ये असावी लागते. परदेशातून कोणी आणून दिलेल्या राउटरमध्ये बँड 40 असेलच असे नाही.

चिऱ्याच्या जाड भिंतीतून 5 गिगाहर्ट्झचे वाय-फाय फारसे पार होत नाही आणि युनिटे एकमेकांशी बिनतारी बोलू लागली की प्रत्येक टप्प्यावर वेग घटतो. त्यामुळे माळ्यावरून माजघरातल्या युनिटपर्यंत कॅट 6 प्रकारची नेटवर्क केबल ओढून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. या एका केबलने जो फरक पडेल, तो महागड्या तिसऱ्या युनिटनेही पडणार नाही. संचाला इंटरनेट केबलसाठी वॅन पोर्ट आहे ना, हेही पाहावे, म्हणजे पुढे फायबर आल्यावर सिम पर्यायी जोडणी म्हणून उपयोगी पडेल.

रोजच्या 2 जीबीच्या प्लॅनवर दिवसभराच्या मीटिंग भागणार नाहीत. अधिक डेटाचा प्लॅन आणि तो राउटरमध्ये वापरण्याची परवानगी या दोन्ही गोष्टी कंपनीकडे विचाराव्यात. वीज वारंवार जात असेल, तर प्रत्येक युनिटला त्याच्या ॲडाप्टरच्या व्होल्टेजचा छोटा यूपीएस जोडावा, आणि दुकानदाराकडून परतीची मुदत बिलावर लिहून घेऊन त्या मुदतीतच माजघरात बसून चाचणी करावी.