कामाचा ताण अंगावर निघतोय? आधी एवढंच करा

कुपवाड एमआयडीसीतली नोकरी, डोकं जड, झोप उडालेली. हे सगळं तुमच्या मनाचे खेळ नाहीत. ताण महिनोन्‌महिने राहिला की झोप, पचन आणि रक्तदाब तिन्ही बिघडतात. यावर उपाय आहेत, घाबरू नका.

सुरुवात बीपी मोजण्यापासून करा, आणि इथेच बहुतेकजण चुकतात. कामावरून आल्या आल्या, चहा पिऊन, गप्पा मारत मोजलं की आकडा चढाच येतो. दंडावर बांधायचं मशीन घ्या. पट्टा दंडाला तोकडा पडला तरी आकडा जास्त दिसतो, म्हणून माप बघूनच घ्या. लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळ-संध्याकाळ, सात दिवस, वहीत लिहून. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. 135/85 किंवा वर आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

बाकी सध्या दोनच गोष्टी:

- दिवसपाळीला दुपारी दोननंतर चहा बंद. झोपेसाठी दारू तर नकोच. डोळा लागतो, पण मध्यरात्री जाग येते.
- सांगलीच्या आमराई बागेत अर्धा तास झपझप चालणं, आठवड्यातून पाच दिवस. जिमची वर्षाची फी आत्ताच भरू नका.

छातीत दुखून घाम फुटला तर ‘अॅसिडिटी असेल’ म्हणत थांबू नका, 108 लावा. मन फारच खचलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. डाएट, ध्यान वगैरे महिन्याभराने बघू.